इथला आपटा

समस्त मराठी जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की प्रस्तुत लेखिका ही अ‍ॅडलेड शहर व परिसराची विद्यमान सुवर्णमंत्री आहे. कृपया उभं राहून वाचावं. बसून वाचलंत तरी चालेल, पण पाठ ताठ ठेवा.

हे पद कुठल्याही घटनेत नाही. त्याला पगार नाही, लाल दिवा नाही. शपथविधी एका पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणात झाला, तेव्हा माझ्या एका हातात अळूवड्यांचं ताट होतं आणि दुसऱ्या हाताने मी कुणाचं तरी बाळ सांभाळत होते. खातं एकच: दसऱ्याला इथल्या प्रत्येक मराठी माणसाच्या हातात सोनं पडलं पाहिजे. ते कुठून आणायचं, हे मंत्र्यांनी बघावं.

कारण इथे आपटा नाही. असला तर आम्हाला सापडला नाही. पहिली काही वर्षं आम्ही सोनेरी कार्डबोर्डची पानं कापली. पोरांनी ती फ्रिजवर चिकटवली आणि मोठ्यांनी बुकमार्क केली. मग माझ्या आधीचे मंत्री आले. ते पुण्याचे, आणि त्यामुळे त्यांच्याकडे सिद्धांत होता. पानाचा आकार गौण असतो, भावना महत्त्वाची, असं म्हणून त्यांनी दसऱ्याला तमालपत्र वाटलं. घाऊक पाकिटातलं. ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा,’ म्हणत सगळ्यांनी ते घेतलं, आणि त्या आठवड्यात घरोघरी सोन्याचा मसालेभात झाला. मंत्रिमंडळ कोसळलं. मला पाचारण करण्यात आलं.

आम्ही राहतो मॉसन लेक्सला. तिथे तळं नवं, घरं नवी, आणि झाडंसुद्धा घरांबरोबर एकाच दुकानातून ऑर्डर केल्यासारखी, एका उंचीची. सोनं तिथे मिळणं शक्य नव्हतं. पण आमचा दसरा व्हायचा टेकड्यांच्या पायथ्याशी, एका जुन्या दगडी हॉलमध्ये. भाडं परवडणारं, स्वयंपाकघर मोठं, आणि मायक्रोफोन नादुरुस्त, त्यामुळे भाषणं आपोआप लहान. त्या हॉलच्या मागे एक झाड होतं.

मंत्रिपदाच्या पहिल्याच वर्षी मी हॉल बघायला गेले तेव्हा ते दिसलं. आपल्याकडे दसरा येतो तेव्हा इथे वसंत असतो, आणि त्या झाडाला नुकती पालवी फुटली होती. ती पालवी हिरवी नव्हती. सोनेरी होती. अगदी सराफाच्या दुकानात दिव्याखाली धरल्यासारखी. मी हरखून गेले. उन्हात उभी राहिले, इकडेतिकडे बघितलं, आणि मंत्र्याला शोभेल अशा आत्मविश्वासाने एक फांदी वाकवली.

“लव्ह, त्या फांदीने तुझं काय वाकडं केलंय?”

मागे एक उंच, वाळके म्हातारबाबा उभे होते. डोक्यावर कडा झिजलेली हॅट, पँटच्या पट्ट्याला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की त्या बाजूने ते किंचित कलले होते. हॉलच्या शेजारीच त्यांचं घर होतं, आणि हॉलच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. पुढे आमच्या घरात त्यांना किल्लीवाले आजोबा हेच नाव पडलं. त्यांना मात्र मी सगळ्यांसारखी ‘मेट’ म्हणायचे आणि ते मला लव्ह.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सण, सीमोल्लंघन, आपट्याची पानं, ती सोनं म्हणून एकमेकांना द्यायची.

“म्हणजे पान द्यायचं आणि सोनं दिलं म्हणायचं?”

“हो.”

“आणि घेणारा विश्वास ठेवतो?”

“ठेवतो. देवापाशी नेऊन ठेवतो.”

त्यांनी झाडाकडे बघितलं. “माझ्या बापाने याची अशीच जाहिरात केली होती,” ते म्हणाले. “सोन्याचं झाड म्हणून. कुणी ठेवला नाही बुवा विश्वास.”

मग त्यांनी मला त्या झाडाची गोष्ट सांगितली. त्यानंतर दर वर्षी किल्ली घ्यायला गेले की तिचा एखादा तुकडा आणखी मिळायचा, त्यामुळे आता मला ती पाठच आहे.

झाड एल्मचं होतं, पण साधं एल्म नव्हे. आजोबांच्या वडिलांची टेकड्यांत रोपवाटिका होती. तिथे दोन जातींच्या एल्मच्या संकरातून आपोआप एक रोप उगवलं. वडिलांना त्याची पालवी वेगळी दिसली. त्यांनी ते वाढवलं, त्याची कलमं बांधली, आणि त्याला बायकोचं नाव देऊन विकायला काढलं. नाव मी इथे सांगत नाही, या लेखात कुणाचंच सांगायचं नाही असं ठरवलंय, आणि झाडाला वेगळा न्याय लावणं बरं नाही. काही रोपं विकली गेली. मग लोकांची आवड बदलली, रोपवाटिका गेली, जिथे जिथे ती झाडं होती तिथे घरं आणि रस्ते आले. युरोपातले एल्म रोगाने मेले तसं इथे झालं नाही. इथे तो रोग पोचलाच नाही. हा वाण नुसता विसरला गेला. झाडांच्या पुस्तकांत त्याच्यापुढे एकच शब्द लिहिलेला असतो: लुप्त.

“लुप्त!” आजोबा खोडावर थाप मारून म्हणायचे. “मी रोज सकाळी याच्याखाली चहा पितो आणि ते म्हणतात लुप्त.”

अशा झाडाचं बी लावून तेच झाड येत नाही. आपल्या लोकांना हे समजवायला वेळ लागत नाही. हापूसची कोय लावली की काय येतं, ते सगळ्यांना माहीत आहे. हापूस हवा तर फांदीच लागते, आणि जगात ती फांदी देऊ शकेल असं एकच झाड उरलं होतं. आजोबांनी स्वतः बरेचदा प्रयत्न केला होता. कलमं सुकून जायची. “हात बापाचा होता,” ते म्हणायचे आणि आपले थरथरणारे पंजे दाखवायचे. मग त्यांनी एका मोठ्या बागेतल्या झाडांच्या जाणकार बाईंना गाठलं. त्या हिवाळ्यात येऊन गेल्या. खोड बघितलं, कळ्या बघितल्या, आणि म्हणाल्या की बहुतेक हे तेच आहे. पालवी नीट निबर झाली की येऊन फांद्या नेते, बागेत रोपं करते. आजोबांनी हे मला सांगितलं तेव्हा किल्ल्यांचा जुडगासुद्धा आनंदाने वाजत होता.

“मी ऐंशी ओलांडलीय, लव्ह,” ते म्हणाले. “माझ्यानंतर हॉलच्या कमिटीला गाड्या लावायला जागा हवीय. त्याच्या आत हे दुसरीकडे कुठेतरी उभं राहिलेलं मला बघायचंय. बस, एवढंच काम उरलंय.”

आम्हाला सोनं लुटायची परवानगी कायम होती. अट एकच: जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच.

बाई येऊन गेल्या त्याच वर्षी माझ्या सासूबाई इथे होत्या. सासूबाईंचा परिचय करून देणं भाग आहे. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलमध्ये त्यांनी एवढी बाग लावली आहे की खालच्या मजल्यावरच्यांना पावसाळा संपल्याचं दिवाळीनंतर कळतं. त्यांचा झाडांविषयीचा सिद्धांत एकच आहे आणि तो तमालपत्रवाल्या मंत्र्यांपेक्षा पक्का आहे: विकत आणलेलं रोप मरतं, मागून आणलेलं रडतखडत जगतं, आणि चोरून आणलेली फांदी हमखास लागते. त्यांच्या पर्समध्ये नेहमी एक ओला रुमाल आणि प्लास्टिकची पिशवी असते. फिरायला नेलं तर त्या निसर्गसौंदर्य बघत नाहीत, कुंपणं बघतात.

दसऱ्याच्या दिवशी हॉलच्या मागे नेहमीची झुंबड उडाली. झब्बे, नऊवाऱ्या, सेल्फी. सासूबाई झाडाखाली उभ्या राहून पान उलटंपालटं करून बघत होत्या.

“हे काय आहे रे?” त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

नवरा एका हाताने फोनवर ऑफिसचं काहीतरी बघत होता. “इथला आपटा आहे आई,” तो म्हणाला.

त्याने हे सहज म्हटलं. त्यांनी मात्र ते सहज घेतलं नाही. मी डोळ्यांनी बघितलं: पर्स उघडली, बोटभर लांबीच्या दोन कोवळ्या डहाळ्या ओल्या रुमालात गेल्या, पर्स मिटली. आणि चेहरा असा, की जणू मंगळागौरीच्या पूजेहून उठल्यात.

घरी येऊन त्यांनी एका डहाळीच्या टोकाला मध लावला, बाल्कनीत कढीपत्त्याच्या शेजारी रिकामी कुंडी होती तिच्यात ती खोचली, आणि वर पाण्याच्या बाटलीचा तळ कापून तिची टोपी घातली. दुसरी डहाळी देवापुढे ठेवली.

“आई, हे कशाला?” मी म्हटलं.

“तुमची पुढची पिढी काय तमालपत्र वाटणार? घरचा आपटा असलेला बरा.”

माझी मुलगी सोफ्यावरून म्हणाली, “आजी, इट्स अ स्टिक.”

“असू दे स्टिक. तूसुद्धा आधी एवढीशीच होतीस.”

मंगळवारी वारा सुटला. इथल्या वसंतात असा वारा येतो, कचऱ्याचे डबे रस्त्याने पळतात आणि रेडिओवरचे लोक उत्साहात येतात. आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि विसरून गेलो. शनिवारी मी हॉलची किल्ली परत करायला गेले.

हॉलच्या मागे आकाश होतं. खूप जास्त आकाश होतं. एल्म वाऱ्याने मधोमध चिरलं होतं, अर्धं हॉलच्या छपरावर टेकलेलं, म्हणून कमिटीने तातडीने माणसं बोलावली होती. त्यांनी आपलं काम चोख केलं. फांद्या भरडणाऱ्या यंत्रात सगळ्या फांद्या गेल्या, लाकूड ट्रकमध्ये गेलं, बुंधा जमिनीच्या खाली घासून काढला. आजोबा त्या आठवड्यात लेकीकडे गेले होते. ते आदल्या संध्याकाळी परत आले आणि त्यांना तिथे फक्त पिवळट भुशाचं एक मोठं वर्तुळ दिसलं. मी पोचले तेव्हा ते त्या वर्तुळाच्या कडेला चहाचा मग घेऊन उभे होते. सवयीने.

मी मेट म्हटलं नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“मुळं आहेत ना अजून?” मी म्हणाले. “धुमारे फुटतील.”

“फुटतील, भरपूर फुटतील,” ते म्हणाले. “पण ते याचे नाहीत. बापाने हे साध्या एल्मच्या खुंटावर बांधलं होतं. खालचं सगळं त्या खुंटाचं आहे. आता उगवेल ते कुठल्याही रस्त्यावरचं एल्म असेल.”

“आणि त्या बागेतल्या बाई?”

“पुढच्या आठवड्यात येणार होत्या.” त्यांनी चहा भुशावर ओतून टाकला. “पुस्तकवाले शेवटी बरोबर निघाले.”

मी गाडीत बसले आणि मग माझ्यातला मंत्री जागा झाला. अरे, गेल्याच शनिवारी, दसऱ्याला, आख्ख्या गावाने ते झाड लुटलं होतं! घराघरात सोनं होतं! मी तिथूनच ग्रुपवर आदेश काढला: ‘सुवर्णमंत्र्यांकडून तातडीचे. दसऱ्याचं सोनं फांदीसकट आणि ओलं असेल, त्यांनी ताबडतोब कळवावं. सोनं परत घेण्यात येत आहे.’

परंपरेच्या इतिहासात असा आदेश कुणी काढला नसेल. उत्तरं येऊ लागली.

‘देवापाशी ठेवलेलं परत कसं देणार? काहीतरीच.’

‘माझं पाकिटात आहे. चुरा झालाय. चालेल?’

‘आम्ही अजून तुमच्याआधीच्या मंत्र्यांचं वापरतोय. बिर्याणीत.’

‘व्हॉट हॅपन्ड? पानं विषारी होती का? प्लीज रिप्लाय, मुलांनी हात लावलाय.’

दोघातिघांनी फोटो पाठवले. सगळी पानं वाळून करकरीत. मी त्या बागेतल्या बाईंना फोन केला. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या की वाळलेल्या पानातून झाड उभं करता येत नाही. अशी फांदी हवी जिच्यात जीव आहे.

बाईंचा फोन ठेवला तेव्हा मी आमच्या गराजमध्ये पोचले होते. वर आले, सोफ्यावर बसले, आणि जे झालं ते सगळं मोठमोठ्याने नवऱ्याला सांगितलं. आता तुम्ही म्हणाल, बाल्कनीतली कुंडी हिला आठवली नाही? नाही आठवली. आमच्या बाल्कनीत सासूबाईंनी खोचलेल्या इतक्या काड्या होत्या की त्यांची मोजदाद ठेवणं मी सोडून दिलं होतं. मुलगी म्हणते तसं, त्या सगळ्या स्टिकच.

सासूबाई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कुणाला परत द्यायचंय ते द्या,” त्या म्हणाल्या. “माझं सोनं मी देणार नाही. माझ्याला पालवी फुटलीय.”

मी बाल्कनीत ज्या वेगाने गेले, त्यात कढीपत्त्याची एक फांदी शहीद झाली. बाटलीच्या टोपीखाली, वाफेने धुरकट झालेल्या प्लास्टिकच्या आत, ती डहाळी उभी होती. जुनी पानं गळली होती. टोकाला एक नवं पान उघडत होतं. करंगळीच्या नखाएवढं. सोनेरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजोबांना घरी घेऊन आले. त्यांनी हॅट काढली, बाटलीची टोपी उचलली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, पान बघितलं. पानाचा एक खांदा देठावर थोडा खाली उतरलेला होता, दुसरा वर, एल्मच्या पानाचा असतो तसा. त्यांनी एका बोटाने त्या उतरलेल्या खांद्याला स्पर्श केला आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

बागेतल्या बाईंनी फोनवर बजावलं की इतक्यात आनंद करू नका. डहाळी आपल्या अंगातल्या साठ्यावरही पान काढते. मुळं फुटली नाहीत तर साठा संपला की जाईल. हलवू नका, उपटून बघू नका, वाट बघा.

मग सुरू झालं ते वाट बघणं. आजोबा दर रविवारी ट्रेनने यायचे, परसातली लिंबं पिशवीत घेऊन. सासूबाई चहा आणि चिवडा करायच्या. दोघं बाल्कनीत कुंडीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायचे. एकाला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी येत नाही, आणि मध्ये मी, दुभाषी. हे काम मी माझ्या पद्धतीने केलं, ते सांगते.

“तिला सांग, ती याला बुडवून मारणारे,” आजोबा म्हणायचे. “केवढं पाणी!”

“म्हणतायत, तुमचा हात फार सढळ आहे.”

“त्यांना म्हणावं, माणसाने कंजूष असू नये. म्हणूनच यांची कलमं मेली.”

“ती म्हणतेय, तुमचा अनुभव मोठा आहे.”

दोघंही प्रसन्न. पाणी मात्र जेवढं घालायचं तेवढंच घातलं जायचं, म्हणजे सासूबाई घालतील तेवढं.

अडचण वेगळीच होती. आजोबांना ते रोप बागेत जायला हवं होतं, बाईंच्या हाती, म्हणजे त्याची आणखी रोपं होतील. आणि सासूबाईंच्या मते ते त्यांचं होतं आणि तो आपटा होता.

“आई, हा एल्म आहे. आपट्याचं पान दुभंगलेलं असतं, हे बघा, हे एकच आहे.”

“तू लग्न होऊन आलीस तेव्हा साडी नेसायचीस,” त्या म्हणाल्या. “आता चड्डी घालून ब्लॅकटाउनच्या बहिणीकडे विमानाने जातेस. परदेशात आल्यावर माणसं बदलतात, आपट्याने का बदलू नये?”

याला उत्तर तुमच्याकडे असलं तर कळवा.

मग एकदा आजोबांनी सोबत एक फोटो आणला. कृष्णधवल, कोपरा दुमडलेला. एक माणूस, बाह्या वर केलेल्या, आणि त्याच्या खांद्याइतकं उंच एक झाड. त्या माणसाने झाडाच्या खोडाभोवती हात टाकला होता, शाळेच्या स्नेहसंमेलनात मित्राच्या गळ्यात टाकतात तसा. सासूबाईंनी चष्मा लावून तो खूप वेळ बघितला.

“हे वडील?”

“हो.”

“विचार त्यांना, आणखी काय राहिलंय वडिलांचं?”

मी विचारलं. या वेळी जसंच्या तसं.

आजोबांनी कुंडीकडे हात केला.

सासूबाईंनी फोटो पदराने पुसला आणि परत दिला. “घेऊन जाऊ देत,” त्या म्हणाल्या. “मुळं धरली की घेऊन जाऊ देत. वस्तू ज्याची त्याला मिळावी. पण एक सांग त्यांना. आपटा आहे हे विसरू नका म्हणावं.”

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. आजोबांनी हॅट काढली आणि म्हणाले, “नो वरीज.”

नोव्हेंबरअखेर पहिली भट्टी पेटली. इथे तापमान एकदा चढलं की रेडिओवरच्या लोकांना पुन्हा उत्साह येतो. आम्ही कुंडी आत आणली. आमच्या घरात एसी फक्त बैठकीत नीट चालतो, आणि त्याच्या झोताच्या बाहेर पण गारव्यात अशी एकच जागा आहे, ती माझी. ती कुंडीला गेली. मी जेवणाच्या टेबलाखाली पंखा लावून ऑफिसचं काम केलं. आजोबांचा दर तासाने फोन. “कसा आहे?” मी म्हणायचे, “माझ्यापेक्षा बरा.” दुपारी एक पान गळून पडलं. सासूबाईंनी ते उचललं, मला दाखवलं नाही, मुठीत धरून आत गेल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी आजोबांना फोनवर काहीच सांगितलं नाही. तेसुद्धा दुभाष्याचंच काम.

दुसऱ्या दिवशी वारा दक्षिणेकडून वळला, गारवा आला. डहाळी होती. पानं दोन उरली होती.

सासूबाईंचं परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं. त्या जाण्याच्या आधीच्या रविवारी बागेतल्या बाई आल्या. तरुण, उन्हाने रापलेल्या, खिशात छोटा चाकू, हातात ट्रे आणि मातीची पिशवी. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आमच्या बाल्कनीत चार मोठी माणसं आणि चौदा कुंड्या मावत नाहीत, म्हणून मुलगी दारात उभी राहिली आणि नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता, लग्नात मुंडावळ्या न मिळालेल्या करवल्यासारखा.

बाईंनी आधी पान बघितलं. सोबत आणलेल्या जुन्या, कागदावर दाबलेल्या पानाशेजारी धरलं. मान डोलावली. मग म्हणाल्या, “आता बघू या. मुळं नसतील तर मला माफ करा, कारण नसतील तर ही टिकायची नाही.”

आजोबांनी कठड्याचा लोखंडी गज घट्ट धरला. माझ्या मनात भुशाचं ते वर्तुळ येत होतं आणि मी ते परत परत ढकलत होते.

बाईंनी कुंडी आडवी केली, बुडावर हळू दोनदा थोपटलं, आणि मातीचा गोळा डहाळीसकट तळहातावर घेतला. मग बोटांनी एक एक चिमूट माती सोडवायला लागल्या. थोडी माती पडली. काहीच दिसलं नाही. आणखी थोडी पडली. अजूनही नाही. शेजारच्या घरात कुणीतरी लॉनमोअर चालू केला आणि बंद केला. बाईंनी गोळा उजेडाकडे वळवला, अंगठ्याने एक ढेकूळ बाजूला सारलं, आणि तिथे, डहाळीच्या टोकाशी, पांढरी मुळं होती. एक नाही, झुपकाच. शेवयांसारखी बारीक, ओली, एकमेकांत गुंतलेली, मातीबाहेर लोंबत.

बाई हसत होत्या आणि गोळा तसाच हातात धरून होत्या. आजोबांनी कठडा सोडला, चष्मा काढला, आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. नवऱ्याने खिडकीतून फोटो काढायला फोन पुढे केला. सगळे त्या मुळांकडे बघत उभे राहिले होते, वरून ऊन, बाजूने वारा. आणि इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्या माझ्या सासूबाई त्या बागेतल्या बाईंच्या अंगावर धावून जात आख्ख्या मॉसन लेक्सला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या:

“अगं ए, बघत काय राहिलीस, झाक आधी त्याला! उघडं पडलंय, सर्दी होईल पोराला!”